आठ महिने सांगली, चार महिने मिरज

सांगली आणि मिरज ही नावे आपल्याकडे बहुधा एका दमात घेतली जातात. दोहोंमधले अंतर जेमतेम आठ-दहा किलोमीटरांचे. १९९८ पासून तर कुपवाडसह त्यांची महानगरपालिकाही एकच आहे. तरीसुद्धा जुन्या सांगलीकराला कुणी मिरजकर म्हटले, तर तो हसत हसत पण लगेच दुरुस्ती करतो. सांगली नदीची, हळदीची आणि नाटकाची. मिरज रेल्वेची, तंतुवाद्यांची आणि दवाखान्यांची. कृष्णा दोघींचीही आहे, पण सांगली तिच्या अगदी कुशीत वसली आहे आणि मिरज थोडी हात राखून, उंचावर. प्रवाशाला हा फरक जाणवतही नाही. ज्या घरात अंथरुणाला खिळलेले माणूस आहे, त्या घराला मात्र तो पावसाळ्यात पुरेपूर कळतो.

मी भिवंडीत गेली अठ्ठावीस वर्षे जनरल प्रॅक्टिस करतो. गेल्या हिवाळ्यात आईला घेऊन या दोन शहरांत पाच दिवस राहिलो. आई एकोणऐंशी वर्षांची. तिचे माहेर सांगलीच्या गावभागात. तिचे थोरले बंधू, माझे अण्णामामा, पंच्याऐंशी वर्षांचे निवृत्त शिक्षक आहेत. आठ वर्षांपासून त्यांना कंपवात, म्हणजे पार्किन्सनचा आजार आहे. त्यांची सगळी शुश्रूषा सत्त्याहत्तर वर्षांच्या मामी करतात. मामांची मुलगी मिरजेत असते. तिचाच फोन आला होता : "दादा, तू डॉक्टर आहेस, तुझे ते ऐकतील. पुढच्या पावसाळ्याच्या आत त्यांना कायमचे माझ्याकडे यायला सांग." आईला भावाला भेटायचे होते आणि मला हा निरोप पोचवायचा होता.

भिवंडीहून सांगलीला जायला रात्रीची महालक्ष्मी एक्सप्रेस सोयीची. दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याण स्थानक गाठावे, रात्र झोपेत काढावी आणि पहाटे सांगलीत उतरावे. साठ वर्षांवरील पुरुष आणि पंचेचाळीस वर्षांवरील स्त्रिया यांच्यासाठी रेल्वेत खालच्या बाकाचा राखीव कोटा असतो. मात्र तो एकट्या किंवा दोघा प्रवाशांच्या तिकिटालाच लागू होतो. साऱ्या कुटुंबाचे तिकीट एकत्र काढून नंतर आजीला वरचा बाक मिळाला म्हणून हळहळणारे पुष्कळ भेटतात.

आईच्या बाबतीत काळजी गुडघ्यांची नव्हती, पाण्याची होती. प्रवासाच्या दिवशी दुपारी चारनंतर तिने पाणी पिणेच बंद केले. विचारल्यावर म्हणाली, "गाडीतल्या त्या हलत्या मोरीत जाण्यापेक्षा तहान बरी." माझ्या दवाखान्यात येणाऱ्या बहुतेक वृद्ध स्त्रिया प्रवासात हेच करतात. वयाबरोबर तहानेची जाणीव आधीच मंदावलेली असते. त्यात असा उपवास घडला की दुसऱ्या दिवशी चक्कर, बद्धकोष्ठ, लघवीची जळजळ आणि कधी कधी चक्क भ्रम होतो. घरचे म्हणतात, प्रवास मानवला नाही. मानवलेला नसतो तो पाण्यावाचूनचा दिवस. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर प्रवासाच्या दिवशी ती कोणत्या वेळी घ्यावी हे आपल्या डॉक्टरांना आधी विचारावे. परस्पर बंद करू नये. आईशी मी तडजोड केली. झोपण्यापूर्वीचे दोन तास घोट-घोट, त्याआधी नेहमीसारखे पाणी, आणि रात्री उठावे लागले तर मला हाक मारायची. एकदाच उठावे लागले. मोरीच्या दारापर्यंत मी सोबत गेलो, आणि हलत्या गाडीत सोबतीला एक हात असला की पुरते, हे तिलाही पटले.

गावभागातले मामांचे घर नदीपासून फार लांब नाही. बाहेरच्या खोलीच्या भिंतीवर मामांनी पेन्सिलीने दोन रेघा ओढून ठेवल्या आहेत : खालची २००५ ची, वरची २०१९ ची. वरची रेघ माझ्या डोक्याच्या पुष्कळ वर होती. सांगलीत पूर मोजायचा तो आयर्विन पुलापाशी. व्हाइसरॉय लॉर्ड आयर्विन यांच्या नावाचा हा पूल १९२९ सालचा. तेथे पाणी ४० फुटांवर गेले की इशारा आणि ४५ फुटांवर गेले की धोका, हे तिथल्या शाळकरी मुलालाही पाठ असते. ऑगस्ट २०१९ मध्ये तेथील पाणी ५७ फुटांच्याही वर चढले होते. २०२१ च्या जुलैअखेर पुन्हा पन्नाशी ओलांडली. कोयनेचे पाणी कऱ्हाडला आणि वारणेचे हरिपूरला कृष्णेत येते. म्हणजे सह्याद्रीवर आठवडाभर धुवाधार पाऊस पडला की त्या सगळ्याचा हिशेब सांगलीत होतो. धरणांतून पाणी केव्हा सोडावे, खाली अलमट्टीचा फुगवटा किती जबाबदार, नदीच्या पात्रात बांधकामे कुणी होऊ दिली, यावर तिकडे प्रत्येक पारावर वाद चालतो. मी त्यात पडलो नाही. मला रस होता तो मामा त्या दिवशी घराबाहेर कसे पडले यात.

मामींनी ते सांगितले, आणि बहुतेक सगळे आईकडे पाहून सांगितले. "वन्सं, संध्याकाळी पाणी चौकात होते. मला वाटले, सकाळपर्यंत वेळ आहे. रात्री दोनला उंबऱ्याशी आले." शेजारच्या मुलांनी मामांना लाकडी खुर्चीत बसवून, खुर्ची खांद्यावर घेऊन बाहेर काढले. मामा वाचले. औषधे मात्र फडताळात राहिली. निवाऱ्याच्या जागी दोन दिवस त्यांची कंपवाताची गोळी मिळू शकली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी मामांचे सर्व अंग लाकडासारखे ताठ झाले, घास गिळता येईना आणि बोलणे थांबले. मामींना वाटले, पक्षाघात झाला. तिसऱ्या दिवशी कुणीतरी मिरजेहून गोळ्या आणल्या, तेव्हा ते हळूहळू सैल झाले.

कंपवाताची गोळी अशी एकाएकी थांबणे अतिशय धोक्याचे असते. अपस्माराच्या, हृदयाच्या आणि स्टिरॉइडच्या गोळ्यांचेही तसेच. पुरात माणसे कागदपत्रे, दागिने आणि पिण्याचे पाणी आठवणीने घेतात, औषधे विसरतात. कारण औषध ही रोजची वस्तू आणि रोजची वस्तू नजरेआड होते. मामींनी आता दाराच्या मागे, डोक्याइतक्या उंचीवर एक पिशवी टांगून ठेवली आहे. तिच्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या, डॉक्टरांच्या ताज्या चिठ्ठीची प्रत प्लास्टिकमध्ये, जुना चष्मा, कवळीची डबी, एक विजेरी आणि ओआरएसच्या पुड्या असतात. दर महिन्याच्या एक तारखेला त्या पिशवीतल्या गोळ्या वापरायला काढतात आणि नव्या आणलेल्या पिशवीत ठेवतात, म्हणजे मुदत संपण्याचा प्रश्नच राहत नाही. हे त्यांना कुणी शिकवले नव्हते. मी फक्त एक भर घातली : कोणती गोळी किती वाजता, हे मोठ्या अक्षरांत लिहिलेला कागद. निवाऱ्यात मदत करणारा स्वयंसेवक मामींना ओळखत नसेल आणि मामींना बोलण्याचे त्राण नसेल, तेव्हा तो कागद बोलतो. ज्या घरात इन्सुलिन आहे त्यांनी हेही ध्यानात घ्यावे की वीज गेली तरी वापरात असलेली बाटली सावलीत, थंड जागी सुमारे चार आठवडे टिकते. ओल्या फडक्यात गुंडाळलेले मातीचे मडके त्याला पुरते. बर्फाला चिकटवून मात्र ठेवू नये. गोठलेले इन्सुलिन टाकूनच द्यावे लागते.

आमच्या भिवंडीतही कामवारी नदी पावसाळ्यात सखल वस्त्यांत शिरते. पाणी ओसरल्यावर आठ-दहा दिवसांनी माझ्या दवाखान्यात ताप, डोळ्यांची लाली आणि पिंढऱ्यांत गोळे अशा तक्रारी घेऊन माणसे येऊ लागतात. तो लेप्टोस्पायरोसिस असू शकतो. त्यामुळे पुराच्या पाण्यातून, विशेषतः पायाला जखम असताना, चाललेल्या कुणीही ताप अंगावर काढू नये. मामी म्हणाल्या, तिकडेही तेच.

नदीकाठच्या माणसांचे हे दुखणे केवळ आपल्याकडचे नाही. अमेरिकेत मिसिसिपीच्या दोन काठांवर डेव्हनपोर्ट आणि रॉक आयलंड ही अशीच शेजारी शहरे आहेत. रॉक आयलंडने पूररोधक बांध घातला; डेव्हनपोर्टने नदीचे दर्शन अडू नये म्हणून कायमची भिंत नाकारली. त्याच २०१९ साली, एप्रिलच्या शेवटच्या दिवशी, तेथील तात्पुरता बांध फुटून पाणी बाजारपेठेत शिरले. मामांना हे सांगितले तेव्हा ते बराच वेळ थांबून, त्यांच्या हल्लीच्या पुटपुटत्या आवाजात म्हणाले, "बरोबर केले त्यांनी." मी मिरजेचा निरोप सांगण्याआधीच त्याचे उत्तर मिळाले होते.

दुसऱ्या दिवशी मामांना गाडीत घालून आम्ही हरिपूरला गेलो. सांगलीपासून अगदी जवळ असलेले हे गाव कृष्णा-वारणेच्या संगमावर आहे. संगमेश्वराचे देऊळ, खाली घाट, पलीकडे ऊस. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. ती हळद पूर्वापार साठवली जाई ती याच परिसरातल्या जमिनीखालच्या पेवांत. २००५ च्या पुराने त्यांतली बरीच पेवे निकामी केली. संगमावर वृद्धांना न्यायचे तर घाटाच्या पायऱ्या उतरण्याचा हट्ट धरू नये. दर्शन वरूनही घडते, आणि पायरी उतरताना गुडघ्यावर येणारा भार सपाटीवर चालण्याहून कितीतरी अधिक असतो. आम्ही वरच थांबलो. मामा चाकांच्या खुर्चीत, आई शेजारच्या कट्ट्यावर.

'संगीत शारदा' लिहिणारे गोविंद बल्लाळ देवल याच हरिपूरचे. ते नाटक १८९९ चे. जरठ-बाला विवाहावरचे ते नाटक मामांनी शाळेत मुलांकडून बसवून घेतले होते. आईने त्यातले एक पद गुणगुणायला सुरुवात केली आणि मध्येच अडखळली. पुढचा शब्द मामांनी दिला. एरवी दोन शब्दांपलीकडे न बोलणारे मामा ते कडवे शेवटपर्यंत, अस्पष्ट पण सुरात, म्हणून गेले. वैद्यकात याला आश्चर्य मानत नाहीत. बोलणे अडते तेथे गाणे पुष्कळदा वाट काढते, कारण मेंदूत दोहोंचे मार्ग पुरते एक नसतात. पण आई रडत होती आणि मी त्या वेळी मेंदूविषयी काही बोललो नाही.

मिरजेला आम्ही तिसऱ्या दिवशी गेलो. एका डॉक्टराला मिरजेत पाऊल ठेवताना थोडे माहेरी आल्यासारखे वाटते. कॅनडातून आलेल्या डॉ. विल्यम वानलेस यांनी येथे १८९४ मध्ये मिशन रुग्णालय उभे केले आणि काही वर्षांतच वैद्यकीय शिक्षणही सुरू केले. दक्षिण महाराष्ट्र आणि उत्तर कर्नाटक येथून माणसे बैलगाड्यांनी आणि पुढे आगगाड्यांनी शस्त्रक्रियेसाठी मिरजेला येऊ लागली. १९६२ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले. दोन शहरांच्या मधल्या वानलेसवाडीला क्षयरोग्यांचे आरोग्यधाम होते. स्ट्रेप्टोमायसिनपूर्वीच्या त्या काळात क्षयावर विश्रांती, सकस अन्न आणि कोरडी मोकळी हवा यांपलीकडे वैद्याच्या हाती फारसे काही नव्हते. यंत्रमागांच्या धुळीत आणि खाडीच्या दमट हवेत प्रॅक्टिस केलेल्या मला त्या कोरड्या हवेचे मोल दोन दिवसांतच कळले. आईचा भिवंडीतला सकाळचा खोकला तेथे ऐकू आला नाही.

पण मिरजेची खरी गंमत अशी की येथे उपचाराला आलेली माणसे पुष्कळदा गाणे घेऊन परतली. कुरुंदवाडच्या लहानग्या विष्णू दिगंबर पलुस्करांची दृष्टी फटाक्याच्या अपघातात अधू झाली. उपचारासाठी ते मिरजेला आले. डोळे पूर्ववत होईनात, तेव्हा डॉक्टरांनीच गायन शिकण्याचा सल्ला दिला, असे त्यांच्या चरित्रांत सांगितले जाते. मग मिरजेतच बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे त्यांची तालीम झाली. १९३१ मध्ये त्यांचे निधन झाले तेही मिरजेतच. बालगंधर्वांनाही शाहू महाराजांनी कानाच्या उपचारासाठी मिरजेला धाडले आणि तेथेच किर्लोस्कर मंडळीशी गाठ पडली, असे सांगतात. उस्ताद अब्दुल करीम खाँ येथे स्थायिक झाले, आणि १९३७ मध्ये निधन झाल्यावर त्यांना मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या आवारात विसावा मिळाला. त्यांच्या स्मरणार्थ दरवर्षी दर्ग्यात संगीतसभा होते. रोग्याला बरे करता आले नाही तर त्याला काय करता येईल ते शोधावे, हा सल्ला देणारा तो डोळ्यांचा डॉक्टर मला आमच्या व्यवसायाचा फार मोठा माणूस वाटतो.

सतारमेकर गल्लीत आम्ही एका कारागिरांच्या दुकानात बसलो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार घराण्यांतून एकोणिसाव्या शतकात येथे ही कला सुरू झाली. वाळवलेला भोपळा, तुनाचे लाकूड, तारा आणि अमर्याद चिकाटी एवढे तिचे भांडवल. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. आईला अलीकडे कमी ऐकू येते. वयामुळे कान आधी वरच्या पट्टीतले आवाज गमावतात. म्हणून नातवंडांचे बोलणे कळत नाही आणि शेजारच्या काकांचा खर्ज कळतो. कारागिरांनी तंबोरा तिच्यापुढे उभा केला आणि म्हणाले, "आजी, भोपळ्यावर हात ठेवा." तार छेडली. आईने डोळे मिटले. यंत्र लावायला दोन वर्षे नकार देणारी माझी आई दुकानातून बाहेर पडल्यावर म्हणाली, "भिवंडीला गेल्यावर त्या कानाच्या डॉक्टरांची वेळ घे."

संध्याकाळी मामेबहिणीच्या घरी बैठक बसली. घर तळमजल्यावर, वस्ती उंचावरची. तिने न्हाणीघरात आधाराच्या दांड्या बसवायला मोजमापे घेतली होती. खोलीपासून न्हाणीपर्यंत जमिनीवर पट्ट्या चिकटवण्याचेही ठरवले होते. कंपवाताच्या रुग्णाचे पाऊल चालताना अचानक थिजते. समोर आडव्या रेघा दिसल्या किंवा कुणी ताल धरला की ते सुटते. तयारी उत्तम होती. प्रश्न एवढाच होता की मामांना यायचे नव्हते.

मला तिचेही पटत होते आणि मामांचेही. वृद्ध माणसाची जागा कायमची बदलणे ही लहान गोष्ट नव्हे. रात्री उठल्यावर दार कोणत्या बाजूला हे पायांना ठाऊक असते. जागा बदलली की ते ज्ञान जाते, माणूस गोंधळतो, पडतो. सकाळी खिडकीतून हाक मारणारा शेजारी जातो. मामांना नव्वद साली जे दिसत होते ते दिसेनासे झाले आहे, पण गावभागातला त्यांचा दिवस अजून त्यांचा आहे. उलट, पुन्हा एकदा रात्री दोनला खुर्ची खांद्यावर घेणारी मुले भेटतीलच याची हमी कोण देणार? आणि मामींचे काय? त्यांच्या पाठीचा कणा आताच वाकला आहे. रोग्याचा विचार करताना शुश्रूषा करणाऱ्याचे वय हिशेबात घेतले जात नाही, हे मी घरोघर पाहतो.

वाट आईनेच काढली. "अण्णा, आपली आजी चातुर्मासात एका ठिकाणी राहायची, आठवते? तू मिरजेत चातुर्मास कर. आषाढी ते कार्तिकी." मामांनी बराच वेळ काही म्हटले नाही. मग त्यांनी अट घातली : ५ नोव्हेंबरला सांगलीत असलो पाहिजे. १८४३ मध्ये विष्णुदास भावे यांनी सांगलीत 'सीता स्वयंवर' केले, त्याची आठवण म्हणून तो रंगभूमी दिन. एवढ्या वर्षांत मामांनी तो चुकवलेला नाही. बहिणीने भिंतीवरचे कालनिर्णय उलटून पाहिले आणि ते जमेल असे सांगितले.

मग तपशील ठरले. पाण्याची वाट न पाहता आषाढीच्या आधीच्या रविवारी दिवसाउजेडी निघायचे. मामांची स्वतःची उशी, पांघरूण, टेबलावरचे घड्याळ आणि पलंगाशेजारचा दिवा बरोबर न्यायचा. पलंग मिरजेतही भिंतीला तसाच, उजवा हात मोकळा राहील असा लावायचा. मेमध्ये दोन वेळा एकेक रात्र तेथे काढून पाहायची. मिरजेच्या डॉक्टरांना आधी भेटून चिठ्ठी दाखवायची. मामींना आठवड्यातून दोन दुपारी पूर्ण सुट्टी. ही शेवटची अट माझी होती. मामी म्हणाल्या, "सुट्टीत मी करू काय?" आईने सुचवले, दर्ग्यात गाणे असते. मामी म्हणाल्या, आपण झोपणार.

परतीच्या गाडीसाठी बहिणीने भडंग बांधून दिले होते. आईचा रक्तदाब पाहता मी त्यातले मूठभर तिला दिले आणि उरलेले माझ्या पिशवीत ठेवले. साताऱ्याच्या पुढे तिने मला हलवून उठवले. भडंगासाठी नव्हे, पाण्याच्या बाटलीसाठी.